कपाटाच्या पत्र्याची गाडी

आमच्या घरात गाडी आली ती बुडूनच आली. यात नवल असं काही नाही. महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्यांच्या घरातल्या निम्म्या वस्तू एकदा तरी पाण्याखाली जाऊन आलेल्या असतात. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फॅब्रिकेशनचं दुकान होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्यावर माळा. ग्रिल, गेट, शटर, गोल जिने, मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक यायच्या आधी मंडपवाल्यांचे वाकलेले पाइप सरळ करून देणं, असली कामं. सकाळी ग्राइंडर सुरू झाला की घरातलं बोलणं बंद व्हायचं आणि खुणा सुरू व्हायच्या. आई मधल्या दारातून कप दाखवायची, अण्णा दोन बोटं वर करायचे, म्हणजे कुणीतरी गिऱ्हाईक आलंय, दोन चहा पाठव. ग्राइंडरच्या आवाजावरून अण्णांचा पारा कुठे आहे ते आईला आत बसून कळायचं. तांदळाची भाकरी थापता थापता ती मला सांगायची, आज लोखंडावर राग काढतायत, आज काही मागू नकोस. मी ऐकायची नाही, मागायचीच, आणि ओरडा खाऊन परत यायची. मला लहानपणापासून गप्प बसता आलं नाही. आता तर कुणी गप्प बसवायलाही उरलेलं नाही.

पावसाळ्यात नदी चढायला लागली की गावात भोंगा वाजतो. बाहेरचा माणूस दाराशी पळतो. आमच्याकडे भोंगा वाजला की घाबरायचं नसतं, उचलायचं असतं. शेडच्या मधोमध जाड गर्डर होता आणि त्याला चेनपुली. तिच्यावर अण्णा वेल्डिंग मशीन, ड्रिल मशीन, सगळं छताला नेऊन टांगायचे. कोणतीही जड वस्तू घरात आली की ती चालते का हे बघायच्या आधी ते तिला टांगायची सोय करायचे. फ्रिजच्या चौकटीला कडी, आईच्या शिलाई मशीनला कडी. आईच्या लग्नातल्या कपाटाला त्यांनी वरून जाडजूड लोखंडी कडी वेल्ड केली तेव्हा आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती म्हणे. पण ते कपाट शेवटपर्यंत टिकलं, हेही खरं. शेजाऱ्यांची गेली.

मोठा पूर आला त्या वर्षी मात्र चेनपुलीसुद्धा पुरली नाही. पाणी गर्डरच्या वर गेलं. आम्ही तिघं माळ्यावर, अंधारात, भिजलेले पोहे खात बसलो होतो. त्याच दिवसांत तिकडे तळीयेची दरड कोसळली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, आमच्याकडे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. पुराचा चिखल म्हणजे साबणच. तो काढताना आई पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि आई काठीवर आली. ज्या बाईनं आयुष्यभर स्टँडवरच्या रिक्षात पाय ठेवला नाही, बाजारातून पाठीवर पोतं मारून आणलं, ती मोरीपर्यंत भिंत धरून जायला लागली.

रिक्षात पाय न ठेवण्यामागे कंजुषी नव्हती. आईला गाडी लागायची. एसटी, जीप, टॅक्सी, काहीही असो, डोक्यावर छप्पर असलं आणि पेट्रोल-डिझेलचा वास आला की ती ओकायची, आणि साधंसुधं नाही, आतडी बाहेर पडतील असं. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला एक कोंड. पंधरावीस घरं, नाचणी, वरी आणि गुरं. पूर्वी ती पोलादपूरपर्यंत ओकत जायची आणि तिथून पुढे डोंगर चढून मजेत पोचायची. खुबा मोडल्यावर चढणं संपलं. मोटारसायकलवर पाय फाकवून बसता येईना, एका बाजूला बसलं तर सळई टोचायची. जीप वरपर्यंत जात होती, तर तिच्यात माणसं आणि शेळ्या कोंबलेल्या. एकदा जीपचा प्रयोग केला, तर पहिल्या वळणापुढे जाता आलं नाही. बाळाराम मामा, तिचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणायचा, आक्का, मी डोली घेऊन येतो, चौघं जण आरामात वर आणू तुला. आई फोन माझ्याकडे देऊन टाकायची. त्या कोंडातून आजारी माणूस डोलीत घालून खाली नेतात. आईची आई तशीच खाली गेली होती आणि परत आली ती त्याच डोलीतून, तोंडावर धोतर टाकून. "मी नाय डोलीत बसायची," एवढंच आई म्हणायची.

मी तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसले होते. बसले होते म्हणजे अण्णांच्या हाताखाली वेल्डिंग करत होते, पण गावाच्या हिशोबी मुलगी घरी बसलेली. मोबाइलवर परदेशातल्या उघड्या, बसक्या, दोन माणसांच्या गाड्या बघायचा मला नाद होता. एक दिवस आई वाल सोलत माझ्याशेजारी बसली होती. तिनं पडद्यावर डोकावून पाहिलं आणि विचारलं की हिला छप्पर नाही का. मी म्हटलं, नाही, रोडस्टर म्हणतात तिला. आई म्हणाली, मग हिच्यात बसलं तर ओकायला होणार नाही. झालं. मी उठले, खडू घेतला आणि शेडच्या शटरवर आतल्या बाजूनं लांब नाकाची एक गाडी काढली. अण्णांनी ती पाहिली, विडी विझवली आणि विचारलं, "चढाला काय करणार?"

हा प्रश्न बरोबर होता आणि त्याच्या उत्तरात आमचं वर्ष गेलं. पुरात बुडालेली एक छोटी गाडी अण्णांनी भंगारवाल्याकडून आणली होती. तिचं इंजिन उघडून, चिखल धुऊन मी चालू केलं. पण ते पुढच्या चाकांनी ओढणारं. उभ्या चढावर सगळा भार मागे जातो आणि पुढची चाकं मातीत नुसती फिरतात. शिवाय पेट्रोलचा वास. मग मिलिंदकाका आले. तळ्याच्या मागच्या वस्तीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि पुरानंतर गावातले सगळे पंप त्यांच्या ओट्यावर पडलेले असायचे. ते म्हणाले, बॅटरीवरच्या रिक्षाचा मागचा अख्खा एक्सल मोटरसकट मिळतो, तो मागे लाव. सपाटीला बॅटरीवर जा, वास नाही, आवाज नाही, चढ आला की इंजिनही चालू कर, म्हणजे चारही चाकं जोर लावतील. वेग वाढला तर मोटर सुटी करायला एक दांडा मी त्यांच्याच ओट्यावर बसून बनवला. मी ऐटीत सगळ्यांना सांगायला लागले की आपली गाडी हायब्रिड आहे. अण्णा तिला शेवटपर्यंत 'दोन्हीवाली' म्हणाले.

बाकीची गाडी गावानं दिली. पुरानंतर प्रत्येक घराबाहेर फुगलेली लोखंडी कपाटं पडली होती. आम्ही त्यांचे दरवाजे कापून, ठोकून, वाकवून गाडीचं अंग केलं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर आतून एका घरच्या मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, त्या मी घासून काढल्या नाहीत. दाराला कपाटाचीच मूठ. एका सलूनवाल्यानं बुडालेली खुर्ची टाकून दिली होती, ती आईची जागा. ती गोल फिरायची. खुर्ची बाहेर वळवायची, आईनं नुसतं टेकायचं, आणि खुर्ची आत फिरवली की पाय आपोआप आत. खुबा वाकवायचं कामच नाही. ही कल्पना माझी होती आणि तिचा मला अजूनही गर्व आहे. आई रोज जेवण झाल्यावर शेडमध्ये यायची, खुर्चीवर बसायची, एक फेरी मारायची आणि भांडी घासायला जायची.

भांडणं खूप झाली. मला गाडी हलकी हवी होती, अण्णांचा हात गेट बनवायचा. मी एक पट्टी लावली की ते शेजारी दुसरी लावायचे. मी विचारायची, गाडी करतोय की तुरुंग? सगळ्यात मोठं भांडण कड्यांवरून झालं. एक दिवस मी बाजारातून आले तर चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मूठ आरपार जाईल एवढी रुंद लोखंडी कडी वेल्ड केलेली, पत्र्यातून बाहेर आलेली, म्हशीच्या कानांसारखी. एवढी देखणी गाडी आणि तिला कान. मी ग्राइंडर उचलला. अण्णा मध्ये उभे राहिले. म्हणाले, भोंगा वाजला की हिला वर कशी घेणार? मी म्हटलं, सगळं जग गाडी चालवायला बनवतं, तुम्ही टांगायला बनवता. आईनं आतून ओरडून सांगितलं की दोघंही जेवायला या, सुकट गार होते आहे. कडी राहिली. त्या दिवशी मी सुकट खाल्ली नाही, आणि सुकट मला फार आवडते.

पुढच्या पावसात भोंगा वाजला. आम्ही बॅटऱ्या माळ्यावर नेल्या, चार कड्यांत साखळ्या अडकवल्या आणि गाडी गर्डरला नेली. पाणी आलं ते गुडघाभर, दुसऱ्या सकाळी ओसरलं. तेवढा वेळ गाडी डोक्यावर हळूहळू डुलत होती, आणि अण्णा तिच्याखाली उंच स्टुलावर पाय वर घेऊन कुळथाची पिठी आणि भात खात होते, मध्येच माझ्याकडे आणि मग वर बघत. मला ते बघणं फार लागलं.

त्याच पावसात मामाच्या कोंडामागे डोंगराला भेग पडली. सरकारी माणसं आली, मोजमाप झालं, आणि कोंडानं खाली उतरायचं ठरलं. खाली रस्त्याकडेला जागा मिळाली होती. मामानं सांगितलं की शिमगा वरच करायचा, मग घरं उतरवायची. आईनं ते ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला. मग तिनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. देवीची पालखी त्या अंगणात शेवटची येणार होती आणि माहेरवाशिणीनं तिची ओटी भरायची असते. "मला त्या अंगणात एकदा उभं राहायचंय," ती मला म्हणाली. "मग कुठंही नेऊन बसवा." तोवर गाडी हा माझा नाद होता. त्या दिवसापासून तिला तारीख लागली. मी शेडमध्येच जेवायला लागले.

कायद्याचं विचाराल तर असली घरी केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हाही येत नव्हती. म्हणून पोलादपूरच्या पुढच्या फाट्यापर्यंत ती टेम्पोवर चढवून न्यायची असं ठरलं. टेम्पोच्या केबिनमध्ये आई बसेना. शेवटी टेम्पोवर गाडी आणि गाडीत सलूनच्या खुर्चीवर आई, हिरवं लुगडं, मांडीवर ओटीचं ताट, असे आम्ही महाडातून निघालो. स्टँडवरची माणसं हात जोडत होती, त्यांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे. आई लाजून लाल झाली, पण ओकली नाही. फाट्यावर आम्ही फळ्या लावून गाडी उतरवली. मी चालवणार, आई शेजारी. अण्णा आणि मिलिंदकाका मागून मोटारसायकलवर, चाकाखाली लावायला दोन दगड पिशवीत घेऊन.

सुरुवातीचा रस्ता मंद चढाचा. आम्ही बॅटरीवर, आवाज न करता जात होतो. काजूला मोहोर होता, कुठेतरी ढोल वाजत होता, आणि आईनं पदर डोक्यावरून खाली घेतला होता. ती बोलायला लागली. ही कुणाची पेरणीआधी राब भाजायची जागा, इथे तिची म्हैस पडली होती, या झऱ्यावर ती घागर फोडून रडत बसली होती. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मोठा चढ लागल्यावर मी इंजिन चालू केलं. तिनं नाकाला पदर लावला, पण वारा वास मागे नेत होता. चारही चाकं जोर लावत होती. एकेक वळण मागे पडत होतं आणि मला वाटायला लागलं की जमलं, आपण जिंकलो. हे वाटणं फार वाईट असतं, ते वाटलं की हात सैल पडतो.

शेवटच्या वळणापाशी पावसात रस्ता वाहून गेला होता आणि त्यात सुटे दगड आणि मुरूम टाकला होता. वर कोंडातली पहिली दोन घरं दिसत होती. पुढची चाकं फिरायला लागली, मागची मोटर घुमली, मग जळका वास आला आणि मोटर बंद. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर जळला होता. मी तीनचारदा नुसत्या इंजिनावर झोंबी घेतली आणि दर वेळी मागे सरकले. अण्णांनी चाकाखाली दगड लावले. मिलिंदकाकांनी झाकण उघडून बघितलं आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले. लाज वाटली नाही. अंगण समोर दिसत होतं आणि माझी गाडी तिथे पोचत नव्हती.

इंजिनाचा आवाज ऐकून मामा आणि माणसं उतरून आली. शिमगा असल्यामुळे मुंबईला कामाला असलेली पोरं घरी होती, एरवी त्या कोंडात चार तरणे गडी सापडत नसत. सगळ्यांनी गाडीभोवती फेरी मारली. एकानं कडं हातात धरून विचारलं, "ह्ये कशाला, अण्णा?" अण्णा म्हणाले, पुरासाठी. माणसं हसली. पण मामा हसला नाही. तो कड्यांकडे बघत राहिला, मग त्यानं वर हाक मारली आणि दोघांना गोठ्याचे वासे आणायला सांगितलं. त्यानं आपला गोठा आधीच उतरवून ठेवला होता. सागाचे लांब वासे आले, एकेका बाजूच्या पुढच्यामागच्या कड्यांतून आरपार गेले, आणि त्यांना आडवे बांबू बांधले. अण्णांनी बॅटऱ्या काढून बाजूला ठेवल्या. पालखी उचलणारीच माणसं ती, खांदा कसा द्यायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मामा आईजवळ आला. म्हणाला, "आक्का, तू बस आतच. गाडीसकट नेतो तुला."

आईनं वाशांकडे बघितलं. बांबूंकडे, खांदे देऊन वाकलेल्या माणसांकडे बघितलं. मग तिनं खुर्ची बाहेर फिरवली आणि काठी टेकून खाली उतरली.

"रिकामी उचला," ती म्हणाली. "माझा पाय हाय अजून जागेवर."

गाडी उचलली गेली. आईनं एका हातात काठी घेतली आणि दुसऱ्या हातानं मागचं उजवं कडं धरलं, तिच्यापेक्षा उंच गडी त्याच्या पुढे-मागे होते आणि ती मध्ये. माणसं दोन पावलं जायची आणि थांबायची, आईसाठी. कुणी तसं ठरवलं नव्हतं. वर ढोलवाल्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी पालखीचा ठेका धरला. मी ओटीचं ताट घेऊन मागून चालत होते. आईच्या मानेवरून घाम वाहत होता आणि दर पावलाला तिच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. मी एकदा हात पुढे केला, तिनं तो काठीनंच बाजूला केला.

अंगणात गाडी खाली ठेवली. मामी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली, आणि शेजारची एक म्हातारी, जिला धड दिसत नव्हतं, तिनं आईचा चेहरा चाचपून विचारलं, "कशी आलीस गो एवढ्या वर?"

"चालत आले," आई म्हणाली.

मी शेजारी उभी होते. वर्षभर पत्रे ठोकलेले, हाताला भाजल्याचे डाग, नोकरीचे दोन कॉल सोडलेले, आणि ही बाई म्हणते चालत आले. मला असा राग आला की मी जाऊन गाडीच्या मागे बसले. अण्णा येऊन शेजारी बसले आणि त्यांनी विडी पेटवली. म्हणाले, "कडी कापली असतीस तर?" समोर पालखी आली, आईनं ओटी भरली, आणि मग ती अंगणात नुसती उभी राहिली, काठी टेकून, पालखी पुढच्या घरी गेल्यावरसुद्धा. पुरणपोळीचं ताट मांडलेलं होतं, पण तिला कुणी हाक मारली नाही.

आता म्हातारपणी मी स्वतः काठीवर आहे. ते शेवटचं वळण म्हणजे केवढं अंतर, हे मला आता कळतं. कोंड खाली उतरून जमाना झाला आणि वरच्या जागेवर करवंदाच्या जाळ्या माजल्यात. खालच्या वस्तीतली जुनी माणसं अजून तो शिमगा सांगतात, पण गाडीचं कुणी सांगत नाही. सांगतात ते हे की आक्का चालत आली होती.

त्या वेळी उतरताना गाडी कुणाला उचलावी लागली नाही. माणसांनी वळणापर्यंत मागून दोर धरला, तिथून पुढे मी पहिल्या गिअरवर इंजिनाच्याच ओढीनं तिला सावकाश खाली सोडली. आई शेजारी बसली होती. निघाल्यावर लगेच तिनं पायानं रेटा दिला आणि खुर्ची मागे फिरवली, तोंड कोंडाकडे. मी सांगायला हवं होतं की गाडी लागणाऱ्या माणसानं उलटं बसू नये. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सगळी वळणं ती तशीच बसून उतरली, डोंगरानं घरं झाकली तरी तशीच. फाट्यावर मी गाडी थांबवली, तेव्हा ती काठी टेकून उतरली, रस्त्याच्या कडेला गेली आणि पोटातलं सगळं ओकली. मग चूळ भरली, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, "चल आता."